पंख्याचं विमान आणि आईचे गुडघे

प्रश्न : ताई, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. आईला कार्तिकीची गर्दी ओसरली की पंढरपूरला न्यायचंय. वय 71, गुडघे दुखतात, रात्रभर बसमध्ये बसवत नाही तिला. मोपाच्या विमानतळावरून सोलापूरला फ्लाय91 कंपनीचं विमान आहे असं कळलं, तिथून पुढे गाडी करू. पण ते पंख्याचं छोटं विमान, फोटो बघूनच आई म्हणते असल्या जुन्यापान्या विमानात मी नाय बसायची. खरं सांगू, मलाही जरा धाकधूक वाटते.

उत्तर : आईंना आधी सांग की पंखा दिसतो म्हणून विमान जुनं नाही. ते एटीआर 72-600, फ्रान्स-इटलीवाल्यांचं, साधारण 70 सीटचं. आत जेटसारखंच टर्बाइन असतं, फक्त त्याची ताकद पंखा फिरवायला लावलेली असते, आणि जवळच्या पल्ल्याला यात इंधन कमी लागतं म्हणून छोट्या गावांना हीच विमानं परवडतात. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उडून उतरता येतं. आता हादरे, ते जाणवणार, खोटं कशाला बोलू. मोठी जेट 35,000 फुटांवर ढगांच्या वर निघून जातात, हे 25,000 च्या वर जातच नाही, म्हणून ढगांतून जायची वेळ जास्त येते. जुलैत विचारलं असतंस तर मीच नको म्हटलं असतं, पण कार्तिकीनंतर आभाळ बरंच मोकळं असतं आणि सकाळची फ्लाइट मिळाली तर अजून बरं.

गुडघ्यांचं म्हणशील तर उलट हेच विमान सोयीचं, कारण ते जमिनीला जवळ असतं आणि दारालाच जोडलेल्या चारपाच पायऱ्या चढल्या की आत. दार मागे असतं, पुढच्या भागात सामान ठेवतात. म्हणून सीट मागचीच घे, चालायला कमी, बाथरूम तिथेच, आवाजही कमी, पंखे पुढच्या बाजूला असतात ना. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांग, ऐनवेळी काउंटरवर नको.

आणि एक, आत बसल्यावर खिडकीतून पंखा थांबलेला दिसेल पण इंजिनाचा आवाज मात्र येत असेल, तेव्हा घाबरू नका. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून नुसतं इंजिन चालू ठेवतात, आतल्या लाइट-एसीसाठी. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी शेजारच्या काकांना तीनदा विचारलं होतं, ते बिचारे पेपर वाचत होते.

त्याच प्रवासात (कंपनीचं नाव नको) माझी ट्रॉली पायऱ्यांपाशीच काढून घेतली, वरचे कप्पे लहान असतात म्हणून, आणि बीपीच्या गोळ्या नेमक्या तिच्यात! तर औषधं, चष्मा, आधार कार्ड आईंच्या पर्समध्येच ठेव. तिकिटाआधी वार बघून घे, अशा मार्गांवर दिवसाला दहा फेऱ्या नसतात, एक रद्द झाली की लगेच दुसरी मिळेलच असं नाही. परतीच्या दिवशी कुणाचं लग्नबिग्न ठेवू नकोस. आणि फोंड्याहून मोप म्हणजे जवळजवळ पेडण्याच्या टोकापर्यंत जायचंय, दाबोळी विमानतळाच्या अंदाजाने निघालीस तर बोर्डिंग चुकेल.

प्रश्न : ताई, विठोबासाठी घरचं सुकं खोबरं बॅगेत चालेल का? (तीच वाचक, खाली पेनाने लिहिलंय)

उत्तर : नाही गं, हातात नाही आणि चेक-इनमध्येही नाही, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेटू शकतं. खाजे ने, नाहीतर तुळशीहार पंढरपुरातच घे.