वाचकांचे प्रश्न : रेंडर केलेल्या फ्रेम आणि निवेदन कशात जोडावे?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या मंडळाच्या देखाव्यासाठी मी ब्लेंडर या मोफत त्रिमितीय ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पंचगंगेवर तीन मिनिटांचे ॲनिमेशन केले आहे. सेकंदाला २४ या हिशेबाने ४३२० फ्रेम, म्हणजे पीएनजी प्रकारातील सुटी चित्रे, रेंडर (संगणकाकडून तयार) झाल्या असून मावशीच्या आवाजातील निवेदन मोबाइलवर घेतले आहे. एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जोडले, तेव्हा चित्र आवाजाच्या पुढे पळू लागले आणि नरसोबाच्या वाडीचे शेवटचे वाक्य काळ्या पडद्यावर ऐकू आले. शिवाय कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह उमटते. संगणकाला ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विकतचे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. दुखणे किमतीचे नसून वेगाचे असावे. रेंडर केलेल्या पीएनजी फ्रेममध्ये ती सेकंदाला किती या गतीने दाखवायची, याची नोंद नसते; तो आकडा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला आपणच सांगावा लागतो आणि न सांगितल्यास ते स्वतःचा ठरलेला आकडा धरते, जो पुष्कळदा २५ असतो. आपल्या ४३२० फ्रेम २५ च्या गतीने धावल्या, तर १८० सेकंदांचे चित्र १७२.८ सेकंदांतच संपते. प्रयाग चिखलीचा संगम पहिल्या मिनिटाच्या शेवटी असेल, तर तेथे चित्र सुमारे अडीच सेकंद पुढे जाते आणि शेवटी नरसोबाच्या वाडीच्या कृष्णा-संगमाशी पोहोचेपर्यंत हे अंतर सात सेकंदांवर जाते. आपल्या फाइलची लांबी २ मिनिटे ५३ सेकंदांच्या आसपास भरत असेल, तर कारण हेच, असे समजावे.

म्हणून निवडीची पहिली कसोटी ही, की क्रमांकित फ्रेमची संपूर्ण मालिका एकच क्लिप म्हणून घेता यावी आणि तिचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) स्पष्टपणे ठरवता यावा. मूकपटांच्या काळी गती कमी-जास्त झालेली चालून जात असे, परंतु आवाज आल्यावर २४ हा आकडा पक्का करावा लागला. ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये आपला पहिला बोलपट उभा केला, तेथील मंडळाच्या देखाव्यात चित्र आणि शब्द यांची जुळणी चोख असावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्यासाठी मी ब्लेंडरच सुचवेन. त्याच्यातच व्हिडिओ सिक्वेन्सर, म्हणजे चित्र आणि आवाज जोडण्याची सोय, आहे, तो मोफत आहे आणि कोणतेही चिन्ह उमटवत नाही. नवीन फाइल ‘व्हिडिओ एडिटिंग’ प्रकारात उघडावी, सर्वप्रथम फ्रेमरेट २४ करावा आणि मगच सर्व फ्रेम एकदम निवडून इमेज सिक्वेन्स म्हणून आणाव्यात. रेंडर होताना मध्येच वीज जाऊन एखादी फ्रेम राहून गेली असेल, तर पुढचे सारे चित्र तेवढे अलीकडे सरकते. आणताना ‘प्लेसहोल्डर’ची खूण केल्यास ती जागा रिकामी राखली जाते आणि तेवढीच फ्रेम पुन्हा रेंडर करता येते. रंगांच्या विभागात व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दाखवायचे, हे ठरवणारा पर्याय) ‘स्टँडर्ड’ आहे ना, हेही पाहावे. तेथे फिल्मिक किंवा एजीएक्स राहिल्यास फ्रेमवर आधीच झालेली रंगप्रक्रिया दुसऱ्यांदा होते आणि नदीचे पाणी फिके दिसू लागते.

मोबाइलवरील निवेदन ऑडेसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ४८००० हर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये साठवावे आणि तीच फाइल सिक्वेन्सरमध्ये आणावी. आपल्या संगणकावर पूर्वदृश्य अडखळणारच, त्यावरून जुळणीचा अंदाज बांधू नये. प्लेबॅकमध्ये ‘सिंक टू ऑडिओ’ निवडावे आणि खरा निर्णय तयार फाइल पाहूनच घ्यावा. शेवटी फाइलचा प्रकार एमपीईजी-४, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी हे कोडेक (साठवणीची पद्धत) निवडावेत. आवाजाचा कोडेक ‘नाही’ वर राहिल्यास व्हिडिओ मुका निघतो.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उत्तम आहे, मात्र आपल्या संगणकाला ती झेपणार नाही. त्याच प्रकारचे केडेनलाइव्ह हलके आहे. निवेदनाचे तुकडे वारंवार पुढे-मागे करायचे असतील, तर ते सोयीचे. आदेश टंकून काम करण्याची सवय असल्यास एफएफएमपेग हे साधन सर्वांत जलद, पण त्यातही न सांगितल्यास फ्रेमरेट २५ धरला जातो, म्हणून आकडा फ्रेमच्या नावाआधी लिहावा. मालिकेत खंड पडला, तर ते व्हिडिओ तेथेच संपवते. पीएनजीवरून एच.२६४ करताना एफएफएमपेगला रंगरचना (रंगांची माहिती साठवण्याची पद्धत) ‘वायूव्ही ४२० पी’ अशी सांगावी लागते; न सांगितल्यास तयार होणारी फाइल संगणकावर चालते, पण अनेक टीव्हींवर चालत नाही.

मंडपात जो टीव्ही लागणार आहे, त्याच टीव्हीवर पेनड्राइव्हवरून संपूर्ण तीन मिनिटे आधी चालवून पाहावीत, आणि उत्सव संपेपर्यंत मूळ फ्रेम पुसू नयेत.