किनवटच्या मुलीला जंगलाचा अभ्यास करायचाय

प्रश्न : आम्ही किनवट तालुक्यातले शेतकरी. मुलगी नांदेडला बी.एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलाचं आरोग्य तपासायचं, त्यातच पुढं जायचं म्हणते. मला वाटतं तिनं बी.एड. करावं. यात पोटापाण्याचं काही आहे का? – एक पालक

उत्तर : भाऊ, आहे. पण बी.एड.सारखी सरळ वाट नाही.

तुमच्याकडचंच बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पानगळ झाली की उपग्रहाच्या चित्रात डोंगर भकास दिसतो. किनवट न पाहिलेला माणूस म्हणेल, जंगल मेलं. तुमची लेक म्हणेल, थांबा, आधीच्या वर्षांचा हाच महिना शेजारी ठेवून बघू. कधी पावसाळा सरतानाच साग करपलेला दिसतो. ते पाण्याच्या ताणानं की पानांची जाळी करणाऱ्या अळीनं, हे झाडाखाली गेल्याशिवाय ठरत नाही. सरकारी वनआच्छादनाच्या मोजणीत 1 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या फळबागाही येतात, त्यामुळं नकाशावरचं सगळं हिरवं म्हणजे जंगल नव्हे. कुठल्या उतारावर, कुठल्या मातीत, रस्त्यापासून किती अंतरावर झाडं सुकतात, याचं गणित मांडणं हा या अभ्यासाचा गाभा. जंगलाचे तुकडे एकमेकांना कसे जोडलेत, हा दुसरा भाग. 2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा, गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर लावलेला वाघ शेतशिवारं ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तो अशाच जोडांवरून.

म्हणून तिला सांख्यिकी चुकवता येणार नाही. वनस्पतीशास्त्राची बरीच मुलं इथंच अडतात. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि सांख्यिकीसाठीचं आर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटर तपशिलाची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटरचा चौकोन) चित्रंही फुकट. उपग्रहाच्या चित्रांचा अभ्यास शिकवणारी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत घेते. हजारो रुपये उकळून प्रमाणपत्र देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका.

पदवीनंतर वनशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा जिओइन्फर्मेटिक्समध्ये (संगणकावर नकाशे नि भौगोलिक माहिती हाताळण्याचं शास्त्र) एम.एस्सी. करावी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची आणि भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेशाची माहिती आत्तापासून बघून ठेवावी. मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना महिना 37,000 रुपये मिळतात. ती नाही मिळाली तर प्रकल्पांवरच्या कंत्राटी जागा. पगार बेताचा आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. हे तिच्याशी मोकळेपणानं बोला. हाताशी दुसरी वाट हवी तर विज्ञान पदवीवर एमपीएससीची वनसेवा परीक्षा देता येते. बी.एड. कुठं पळून जात नाही.

पोर रानात एकटी फिरणार, ही धास्ती पत्रात नाही, पण असणारच. अशा कामात सहसा वनरक्षक किंवा गावातलं माहितगार माणूस सोबत असतं, आणि निम्म्याहून जास्त वेळ संगणकापुढं जातो.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घराजवळच्या मोकळ्या रानातली सागाची 20 झाडं निवडू द्या. मोबाइलवर प्रत्येकाचं ठिकाण टिपायचं आणि सुट्टीला येईल तेव्हा पानांची नोंद करायची. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये.