चॉकलेट केकच्या थरांमध्ये भरलेलं कस्टर्ड दुसऱ्या दिवशी पातळ होऊन का ओघळतं?

बहुतेक वेळा कस्टर्ड पुरतं उकळण्याआधीच गॅसवरून उतरवलेलं असतं, म्हणून. अंड्याच्या पिवळ्या बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. ते उष्णतेने निकामी झालं नाही, तर कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च हळूहळू तोडत राहतं आणि रात्री छान घट्ट दिसणारं कस्टर्ड सकाळी पाणचट होतं. तेव्हा मिश्रण दाटलं की लगेच थांबू नका. मधोमध जाड बुडबुडे फुटायला लागल्यावरही १ ते २ मिनिटं तळ खरवडत ढवळा. मग पूर्ण गार करूनच केकवर पसरा, कोमट असेल तर केक लिबलिबीत होतो. मात्र कॉर्नफ्लोअर न घालता नुसत्या अंड्यावर केलेलं कस्टर्ड कधीच उकळू नका, ते फाटतं. त्याला साधारण ८० अंश सेल्सिअस पुरे.