उत्तर : छातीवर कोणीतरी बसतं, अंग हलत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की नाइट ड्यूटीवरून येऊन आडवं झालं की थोड्या वेळाने जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. सासूबाई ‘बाहेरचं आहे’ म्हणताहेत आणि मैत्रीण संमोहनाच्या सेंटरला चल म्हणतेय. रात्रपाळीच्या नोकरीत हे सगळं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

जाग आली तरी अंग न हलण्याच्या या प्रकाराला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू ढिले करून ठेवतो. फ्रान्समध्ये ल्याँ शहरात झोपेचे संशोधक मिशेल जूव्हे यांनी १९६०च्या दशकात मांजरांच्या मेंदूतला हा ताबा काढून पाहिला, तर ती झोपेतच उठून शिकारीवर झेपावल्यासारखी वागू लागली. आपल्या बाबतीत जाग येते, पण तो ताबा सुटायला जरा उशीर होतो आणि उरलेलं स्वप्न खोलीतच दिसत राहतं. २०११ साली ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्यात सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झाल्याचं आढळलं, विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्के. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

आता संमोहनाबद्दल. एका सेंटरने (नाव घेत नाही) मला जे दिलं ते निस्तरायला मूळ त्रासापेक्षा जास्त वेळ गेला. पडदे ओढलेली खोली, आरामखुर्ची, ‘पायऱ्या उतरताय, अजून खोल’ असा संथ आवाज. इथपर्यंत ठीक, मला बरंही वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, ‘छातीवर बसलंय ती बाई आहे का? केस ओले आहेत का? पाण्यात काही झालं होतं का?’ तोपर्यंत मला फक्त काळपट सावली जाणवायची. चेहरा नाही, बाई नाही, काही नाही. त्या सेशननंतर मात्र दर वेळी ओल्या केसांची बाईच यायला लागली. तिच्या केसांचं पाणी गळ्यावर टपकलेलं मला जाणवायचं. वर ‘मागच्या जन्मी बुडून मृत्यू’ असा निष्कर्ष आणि पुढच्या सेशन्सचं पॅकेज. घाबरलेल्या माणसाला असे प्रश्न विचारणं मला आजही अक्षम्य वाटतं.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. ब्रेड नावाच्या ज्या स्कॉटिश डॉक्टरने १८४०च्या दशकात झोपेच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नोटिझम’ हे नाव रूढ केलं, त्याचंही ही झोप असल्याचं मत पुढे बदललं होतं. माणूस जागाच असतो, फक्त समोरच्याचं बोलणं पटकन आत जातं. म्हणूनच प्रश्नातून सुचवलेली गोष्ट आठवण बनून बसते, आणि ती खरी असल्याची खात्रीही वाढते. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ वेदना किंवा चिंता कमी करायला संमोहन वापरतात, त्याला माझा विरोध नाही. पण ‘आत काय दडलंय ते शोधू’ म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.

मला फरक पडला तो झोपेची वेळ बांधून घेतल्याने. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर वरिष्ठांकडे सलग एकच पाळी मागा, भांडावं लागलं तरी. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. पाठीमागे लोड लावला की वळायला होत नाही. झटका आला की उठायची धडपड करू नका. छाती दबल्यासारखी वाटली तरी श्वास चालू असतो आणि डोळेही हलतात. मी श्वासाकडे लक्ष द्यायचो आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचो. सगळ्यांना जमेलच असं नाही, पण काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत ते आपोआप सुटतं.

दिवसा आवरता न येणारी झोप लागत असेल किंवा हसताना गुडघे एकदम लुळे पडत असतील, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवाच. तो नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या मेंदूच्या आजाराचा, भाग असू शकतो. जोरात घोरत असाल तर तेही सांगा. आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम थांबवू नका, त्याने स्वप्नं उसळतात.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. त्यांना जवळ घ्या आणि एवढंच सांगा, ‘आई, मी डोळे उघडे ठेवून गप्प पडलेली दिसले तर हाक मारून खांदा हलवा.’ माझ्या आईने हे केलं की मी बहुतेक वेळा लगेच सुटायचो.