घरघंटीच्या जुन्या मोटरवर प्रेशर वॉशर: बनवावा की विकत घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात घर आहे, बंद पडलेल्या घरघंटीची १ एचपीची मोटर पडून आहे, तिला पंप जोडून कार, गेट आणि गच्चीवरचं शेवाळ धुण्याजोगा प्रेशर वॉशर होईल का, की विकतच घ्यावा?

एवढ्याच कामासाठी हवा असेल तर विकत घ्या. ट्रॅक्टर, मालवाहू गाडी किंवा गोठा धुवायचा असेल तर बनवा. घरी जे तयार होतं ते विकतच्या मशीनची स्वस्त नक्कल नसतं, ते वेगळंच यंत्र असतं.

हिशेब करून बघा. प्रेशर (बार या एककात) गुणिले पाणी (मिनिटाला लिटर) भागिले ६०० म्हणजे पाण्याला मिळणारी किलोवॅट शक्ती. १०० बारला ६ लिटर हवं तर १ किलोवॅट झाली. पंपातलं नुकसान धरलं तर मोटर पावणेदोन-दोन एचपीची लागते. तुमची १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, त्यातले साडेपाचशेच्या आसपास पाण्यापर्यंत पोचतात. ते जास्त प्रेशर आणि थोडं पाणी असे खर्च करा, नाहीतर कमी प्रेशर आणि भरपूर पाणी असे. दोन्ही एकदम मिळत नाही.

टुल्लू पंपाला बारीक नोझल लावायचा उद्योग तर करूच नका. नोझल प्रेशर तयार करत नाही, पंपात असेल तेवढंच दाखवतो. २५ मीटर हेडचा (म्हणजे पाणी २५ मीटर उंच चढवणारा) पंप तोंड पूर्ण बंद केलं तरी अडीच बारच्या आसपास थांबतो. फवारणीच्या बॅटरी पंपातला १२ व्होल्टचा डायफ्राम पंपही ७-८ बारचाच. धूळ निघेल, शेवाळ हलणार नाही.

बनवायचाच तर एचटीपी पंप घ्या. काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या बागांत फवारणीला वापरतात तोच, तीन प्लंजरचा (पुढेमागे सरकून पाणी ढकलणारे दांडे). साधारण ९०० आरपीएमला (मिनिटाला ९०० फेरे) तो मिनिटाला १५-१६ लिटर पाणी देतो. दुकानात याचं प्रेशर 'किलो'त सांगतात, १ किलो म्हणजे जवळपास १ बार. मोटरची पाटी आधी वाचा. १४४० आरपीएम असेल तर मोटरला ५ इंची आणि पंपाला ८ इंची पुली लावा, बरोबर ९०० येतात. २८८० असेल तर मोटरची पुली अडीच इंची होते, एवढ्या लहान पुलीवर पट्टा घसरतो आणि लवकर चिरतो. ती मोटर या कामाची नाही.

१ एचपीवर २० बारच्या वर जाऊ नका. मोटर तापेल, सुरू होताना घुमत राहील. २० बारला १६ लिटरसाठी नोझलचं भोक साधारण अडीच मिलिमीटर लागतं. २ एचपी मोटर असेल तर ३५ बारपर्यंत जाता येतं. गोठ्यातलं शेण, चाकाच्या कमानीतला चिखल याला हे पुरतं, कारण तिथे प्रेशरपेक्षा वाहतं पाणी जास्त काम करतं.

आता बिघडतं कुठे ते. प्लंजर पंप मागे हटत नाही. गन बंद केली की पाण्याला वाट नसते, प्रेशर चढत जातं आणि सगळ्यात कच्चा सांधा फुटतो. म्हणून पंपावरचा प्रेशर रेग्युलेटर आणि बायपास नळी काढायची नाही, आणि नळीचं दुसरं टोक ड्रममध्ये सोडायचं. ते परत सक्शनमध्येच (पंप पाणी ओढतो त्या नळीत) जोडलं तर तेच पाणी फिरून तापतं आणि सील जातात. डिलिव्हरीला (पाणी बाहेर पडतं त्या बाजूला) फवारणीचा हाय प्रेशर हौजच लावा, पीव्हीसी पाइप आणि टेफ्लॉन टेपच्या भरवशावर राहू नका. सक्शनला गाळणी हवीच. क्रँककेसमध्ये (पंपाच्या तेलाच्या कप्प्यात) पंपासोबतच्या पुस्तिकेत दिलेलं तेल, ग्रीस कप वेळच्या वेळी पिळणं, पट्ट्यावर जाळी. कोरडा पंप एक-दोन मिनिटं चालला तरी सील जळतात.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग, मोटरच्या अंगाला अर्थिंगची तार. ३० मीटरच्या एक्स्टेन्शनला १.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली आणि सुरू होताना मोटरने ५० अँपिअर ओढले तर ३५ व्होल्टच्या वर वायरीतच जातात. वायर २.५ ची घ्या.

पंप, हौज, गन, पुल्या, फ्रेम, वेल्डिंग जोडत गेलात की मोटर फुकटची असूनही खर्च विकतच्या छोट्या मशीनच्या आसपास जातो. आणि पाणी अडीचपट लागतं. उन्हाळ्यात एक दिवसाआड नळ येणाऱ्या वस्तीत हा मुद्दा छोटा नाही.

विकत घेताना डब्यावरचं मोठ्या अक्षरातलं 'मॅक्स' प्रेशर सोडा, रेटेड प्रेशर आणि रेटेड फ्लो (नेहमी चालताना मिळणारं प्रेशर आणि पाणी) बघा. १५०० ते १८०० वॅटची मशीन घरकामाला पुरते. यात मिक्सरसारखी कार्बनवाली मोटर असते, आवाज करते, मधूनमधून उसंत मागते. रोज तासभर चालवणार असाल तर इंडक्शन मोटरची (बिनकार्बनची) घ्या, महाग आणि जड असते पण टिकते.

आपल्याकडचा खरा घोळ पाण्याच्या तापमानाचा. घरगुती मशीनला आत येणारं पाणी सहसा ४० अंशांपर्यंतच चालतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी त्याच्या पुढे जातं. सकाळी धुवा. शिवाय गच्चीवरच धुताना टाकी मीटरभरच उंच असते, पाणी कमी पडतं आणि मशीन धडधडते. नळीखाली १० लिटरची बादली ठेवा, मिनिटाभरात भरली तर ठीक, नाहीतर ड्रममधून सक्शन घेणारी मशीन बघा. बोअरचं पाणी जड असेल तर व्हॉल्व्हवर क्षार बसून धार तुटक येते.

नोझलकडेही लक्ष ठेवा. १ मिलिमीटरचं भोक झिजून १.२ झालं की १०० बारचे ५० सुद्धा राहत नाहीत, आणि लोक पंप उघडून बसतात.

गच्चीवर चायना मोझॅक असेल तर रुंद पंख्याची धार वापरा, फुटभर अंतर ठेवा. टोकदार धारेने सांधे उखडतात आणि पावसाळ्यात स्लॅब गळतो. धार हातापायावर कधीही घेऊ नका. कातडीत घुसलेलं पाणी बाहेरून टाचणीच्या टोचण्याएवढं दिसतं, पण आत पसरतं. दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जनकडे जायचं.