तुमचे प्रश्न: बायबल वाचायचं कसं आणि जगायचं कसं

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावरची आहेत, पवित्र शास्त्र हातात घेतलं की पुढे काय करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि ही पाच पत्रं घेतली. लांब पत्रं थोडी कापली आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई सलाम. दर जानेवारीत एका वर्षात बायबल वाचायचा प्लॅन सुरू करते. पहिलं पुस्तक उत्पत्ती छान जातं, दुसरं निर्गम अर्ध्यापर्यंत बरं, मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं आणि नियमांचं पुस्तक लेवीय आलं की अडकते. आठवडाभराचं मागे राहिलं की पुस्तक उघडायचीच लाज वाटते. शाळेत शिकवते, घरी दोन लहान मुलं आहेत. (एक भगिनी, श्रीरामपूर)

सलाम. आधी ती लाज बाजूला ठेवा, कारण वर्षात बायबल संपवलंच पाहिजे असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. हिशोब बघा ना, आपल्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन ते चार, आणि शाळा, डबे, मुलांचा अभ्यास सांभाळून रोज चार अध्याय समजून वाचणं बहुतेकांना जमत नाही, नुसते डोळे फिरतात आणि टिक मारली जाते. त्यापेक्षा नवा करार, म्हणजे येशूपासून पुढचा भाग, घ्या. त्यात २६० अध्याय आहेत, सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत होतो आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे मिळतात. सुरुवात मार्कपासून करा, १६च अध्याय आहेत आणि घटना भराभर पुढे सरकतात.

पण लेवीय कायमचं सोडून देऊ नका हं. सगळं नको, फक्त १९वा अध्याय एकदा निवांत वाचा. शेत कापताना बांधाकडचं पीक ठेवून द्या आणि सरवा, म्हणजे कापणीत खाली पडलेली कणसं, वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा आहे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. चुगल्या करत फिरू नका. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. वजनं-मापं खरी ठेवा. आणि याच सगळ्याच्या मधोमध, १८व्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे आहे, जे येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितलं. म्हणजे प्रीती म्हणजे काय ते आजूबाजूच्या वचनांमध्ये लिहिलेलंच आहे, त्यात पगार आहे, तराजू आहे, शेतातली कणसं आहेत. त्यानंतर लगेच रूथचा दुसरा अध्याय वाचा. बवाजाच्या शेतात रूथ जो सरवा वेचते तो याच नियमामुळे, आणि ते कळलं की लेवीय रुक्ष वाटणं बरंच कमी होतं. तुमच्याकडे धुणीभांडी करायला कोणी येत असेल तर तिचा पगार कोणत्या तारखेला हातात पडतो हे बघा, लेवीय १९ तिथेच लागू होतं.

प्रश्न: मी दहावीपर्यंत शिकलोय, वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्या बायबल स्टडीत जे बोलतात ते सगळे कॉलेज झालेले, त्यांच्याकडे इंग्रजी कमेंटऱ्या, म्हणजे बायबलचा अर्थ सांगणारी पुस्तकं, असतात. माझ्यासारख्याने स्टडी करायचा तरी कसा? (एक बंधू, अहिल्यानगर)

दादा, कमेंटरी नंतर. आधी तेच वचन पुन्हा पुन्हा, मोठ्याने, घाई न करता. तुम्ही मशीनवर काम करता, बिघाड कुठे आहे ते आवाजावरून ओळखता, तेच लक्ष इथे द्यायचं. नुसतं सांगून उपयोग नाही, एक उतारा आपण मिळून बघू. मार्क ५, २१ ते ४३. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो, माझी मुलगी मरायला टेकली आहे चला. वाटेत गर्दीत एक बाई मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तिला बारा वर्षं रक्तस्राव होत असतो, वैद्यांवर सगळा पैसा संपलेला आणि दुखणं उलट वाढलेलं. ती बरी होते. येशू थांबतो, विचारतो मला कोण शिवलं. तेवढ्यात निरोप येतो की याईराची मुलगी गेली. येशू तरीही घरी जातो आणि तिला उठवतो.

आता हे तीनदा वाचा आणि वहीत फक्त दिसेल ते लिहा, अर्थ नको. कोण कोण आहे? नाव कुणाचं दिलंय आणि कुणाचं नाही? अधिकाऱ्याचं नाव आहे, बाईचं नाही. काय दोनदा आलंय? बारा. बाई बारा वर्षं आजारी, मुलगी बारा वर्षांची, म्हणजे एका घरात ज्या साली पाळणा हलला त्याच सुमारास दुसरीकडे हे दुखणं सुरू झालं. घाई कुणाला आहे? याईराला, त्याचा एकेक मिनिट महाग आहे, आणि येशू मात्र उभा राहून त्या बाईचं सगळं खरं खरं ऐकून घेतो. त्या वेळी याईर शेजारी उभा असणार. त्याच्या मनात काय चाललं असेल, लिहा. येशू तिला काय म्हणून हाक मारतो? मुली. एका बापासमोर, ज्याची मुलगी मरणाच्या दारात आहे, तो या परक्या बाईला मुली म्हणतो.

मग खाली छापलेले संदर्भ असतील तर ते बघा, नाहीतर मी सांगते, लेवीय १५, वचन २५ ते २७. अशी बाई नियमाप्रमाणे अशुद्ध, तिला किंवा तिच्या अंथरुणाला जो शिवेल तोही अशुद्ध. विटाळ काय असतो हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. बारा वर्षं हिला कुणी हात लावलेला नाही, आणि गर्दीत घुसून ती स्वतः हात लावते, म्हणून तर ती थरथरत पुढे येते. आणि येशू तिला ओरडत नाही. शेवटचं वचनही सोडू नका, मुलगी उठल्यावर येशू काय सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. इतका मोठा चमत्कार झालाय आणि त्याचं लक्ष मुलीच्या भुकेकडे आहे.

बघा, यात इंग्रजी एक अक्षर लागलं नाही. एवढं लिहून ग्रुपमध्ये गेलात तर तुमच्याकडे सांगायला नक्की काहीतरी असेल. जे अडेल ते पाळकसाहेबांना विचारा, कमेंटरीवाल्यांनाही विचारा, त्यांच्या अभ्यासाचा फायदा घ्यायचाच, फक्त आधी स्वतः बघून मग. आणि घरी कोणी महिन्याच्या त्या दिवसांत मुलीला वेगळं बसवत असेल तर या उताऱ्यानंतर त्यावर घरात बोला. माझ्या मते हा उतारा त्याबद्दल पुरेसं स्पष्ट सांगतो.

प्रश्न: ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आम्ही वचनाच्या चिठ्ठ्या काढतो. मला यिर्मया २९:११ आलं, देवाच्या मनात आमच्या हिताचे विचार आहेत. मुलगा तीन वर्षं एमपीएससी देतोय. वर्ष संपत आलं, काही झालं नाही. सगळे हेच वचन स्टेटसला टाकतात, मला आता ते बघवत नाही. मी कुठे कमी पडले? (एक आई, पुणे)

तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत, हे पहिलं. चिठ्ठी काढण्यात वाईट काही नाही, वर्षाची सुरुवात वचनाने व्हावी ही चांगलीच इच्छा आहे, पण चिठ्ठीवर एक वचन मावतं, अध्याय मावत नाही, आणि या वचनाचा आधार अध्यायात आहे. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून राजाला, कारागिरांना, कितीतरी घरांना उचलून नेलं, त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून पाठवलेलं. त्याच्या आधीच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं, आपल्यालाही तेच हवं असतं. यिर्मया म्हणतो ते खोटं आहे. दहावं वचन वाचा, सत्तर वर्षं. अकरावं वचन त्याला लागूनच येतं. म्हणजे ज्या आईने हे पत्र पहिल्यांदा ऐकलं तिला परतीचा दिवस बहुधा दिसलाच नाही, तरी देव तिला सांगत होता की तुझ्यासाठी माझ्या मनात हित आहे.

आणि मधल्या काळात काय करायचं तेही पत्रात आहे, वचन ५ ते ७ मध्ये. घरं बांधा, राहा. बाग लावा, फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात आहात त्या शहराचं भलं व्हावं म्हणून खटपट करा, प्रार्थना करा. निकाल लागेपर्यंत आयुष्य थांबवून ठेवू नका असंच ते सांगतंय. म्हणून माझं म्हणणं, या वचनाला परीक्षेच्या निकालाची हमी समजू नका, ती दिलेलीच नव्हती. मुलाशी मोकळं बोला, अजून किती प्रयत्न करायचे, वय किती, सोबत दुसरं काम धरता येईल का. दुसरी नोकरी धरली तर विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्यांना सातवं वचन दाखवा. आणि रडू आलं तर स्तोत्र १३ वाचा, त्याची सुरुवातच किती काळ, परमेश्वरा, अशी आहे, तेही वचनच आहे.

प्रश्न: नवरा चर्चमध्ये पुढे असतो. घरी वाद झाला की इफिसकरांस ५:२२ दाखवतो, स्त्रियांनो अधीन असा. दोनदा हात उचलला आहे. वचन पाळायचं म्हणजे मी गप्प राहायचं का? (नाव-गाव दिलेलं नाही)

नाही. ते वचन मारहाणीला परवानगी देत नाही. २१वं वचन एकमेकांच्या अधीन असा असं म्हणतं. २५वं नवऱ्यांना सांगतं की ख्रिस्ताने मंडळीवर जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर करा, आणि २८ व २९ म्हणतात तिला स्वतःच्या शरीरासारखं जपा. कलस्सै ३:१९ तर सरळ म्हणतं, तिच्याशी निष्ठुरतेने वागू नका, आणि १ पेत्र ३:७ म्हणतं की बायकोला मान दिला नाही तर नवऱ्याच्या प्रार्थनेतच अडथळा येतो. एक वचन कापून दुसऱ्याच्या तोंडावर मारणं याला बायबल पाळणं म्हणत नाहीत. पाळायला दिलेलं वचन आधी ज्याचं त्याने स्वतःला लावायचं असतं, त्याच्यासाठी २५वं आहे.

ताई, हे कुणालातरी आजच सांगा, बहीण, आई, शेजारीण, जिच्यावर भरवसा आहे तिला. पाळकांना सांगायचं असेल तर एकट्या जाऊ नका आणि फक्त प्रार्थना करा, सहन करा एवढंच उत्तर मिळालं तर तिथे थांबू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुमच्यासाठीही आहे, ख्रिस्ती म्हणून तो वेगळा होत नाही. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवाला धोका वाटला तर ११२. क्षमा करायची की नाही हा प्रश्न आधी सुरक्षित जागी पोचल्यावर.

प्रश्न: सासूबाईंना वाचता येत नाही, वय झालंय, पण त्यांना फार आवड आहे. आम्ही दोघं नोकरीला जातो. त्यांच्यासाठी काय करता येईल? (एक वाचक, वसई)

खूप काही करता येईल. नव्या करारातली पत्रं मुळात मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच होती, कलस्सै ४:१६ मध्ये पौल सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयातल्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. त्या काळी बहुतेकांनी वचन कानानेच घेतलं. आणि आपल्या मराठीत तर याची मोठी परंपरा आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आपण गातो ती याचसाठी की गाणं वाचता न येणाऱ्यालाही पाठ होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणूनच, आणि मुक्तीतल्या बायकांनीच ते छापखान्यात छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, तोवर हातातलं काम त्यांनी पुरं करत आणलं होतं.

तेव्हा मोबाईलवर बायबलचं मोफत अ‍ॅप टाका, मराठी ऑडिओ आहे का बघून मार्क डाउनलोड करून ठेवा आणि प्ले कसं करायचं ते त्यांना हातात देऊन शिकवा, एकदा नाही, चार-पाचदा. एका दिवशी एकच अध्याय. तुम्ही संध्याकाळी आलात की स्वयंपाक करता करता विचारा, आज काय ऐकलं, आणि त्यांना अख्खी गोष्ट सांगू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. नातवंडं असतील तर त्यांनाही बसवा. पाठांतरासाठी स्तोत्र १२१ घ्या, आठच वचनं आहेत, आठवड्याला एक धरलं तरी दोन महिन्यांत होईल. आणि मार्क ५ पर्यंत पोचल्या की त्या बारा वर्षांच्या दुखण्याबद्दल त्यांना काय वाटलं ते मला लिहून कळवा, वयस्कर बायकांनी हा उतारा ऐकल्यावर काय म्हटलं ते मला या सदरात छापायचंय.