सतरा ध्येयं आणि दीड तास

*प्रिय मावशी,*

*मी २२ वर्षांची, मूळची लातूरची. गेल्या जूनमध्ये इंजिनिअरिंग झालं, ऑगस्टपासून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. कोथरूडला कॉट बेसिसवर राहते. हातात २४,००० येतात, त्यातले ५,००० घरी पाठवते. दिवाळीत वहीत सतरा ध्येयं लिहिली: एमपीएससी, जर्मन भाषेची बी-वन पातळी, कॅट, अर्धमॅरेथॉन, पाच लाख शिल्लक, लडाख, पहाटे पाचला उठणं, तिशीच्या आत फ्लॅट वगैरे. तीन महिने झाले, एकही पुढे सरकलं नाही. रूममेट जर्मनीला निघाली. बाबा दर रविवारी फोनवर 'पुढचं काय ठरवलंस' विचारतात. ऑफिसातही वर्षाची उद्दिष्टं भरायचा फॉर्म आलाय, तो कोराच आहे. रविवारी घरमालकीणकाकूंच्या सातवीतल्या नातीला भूमिती शिकवते, तो तास तेवढा छान जातो. जूनपासून शैक्षणिक कर्जाचे (२ लाख ८० हजार) हप्तेही सुरू होतील. माझ्यात जिद्दच नाही का? ध्येय ठरवायचं तरी कसं?*

*– वहीवाली, कोथरूड*

प्रिय वहीवाली,

जिद्दीचं नंतर बघू, आधी घड्याळ बघू. ऑफिसचे नऊ तास. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन अडीच तास धरते, आणि हे मी मोठ्या मनाने धरतेय. वाकडच्या पुलाखाली बस अडकली की हिशेब तिथेच संपला. झोप सात तास. आंघोळ, मेस, कपडे, घरचा फोन आणि नुसतं पंख्याकडे बघत पडून राहणं, याला चार. उरला दीड तास, तोही रात्री साडेनऊनंतरचा, डोळे चुरचुरत असतानाचा. एवढ्याशा दारात तू सतरा पाहुणे उभे केलेस आणि कुणीच आत शिरलं नाही म्हणून स्वतःला बोल लावतेयस.

आता वही उघड आणि प्रत्येक ओळीपुढे लिही, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं. जर्मन रूममेटने. कॅट बहुधा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपने. पहाटे पाच आणि मॅरेथॉन ही मोबाईलची कृपा. एमपीएससी बाबांची. दुसऱ्याकडून आलेलं ध्येय वाईटच असतं असं नाही, पण त्यामागे तुझं स्वतःचं एखादं कारण उभं राहतंय का बघ. नसेल राहत तर काट मार. काट मारायला जिद्द लागते, तुझ्यात ती आहे का ते इथे कळेल.

एमपीएससीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण 'नोकरी करता करता हाताशी असू दे' हे वाक्य पुण्यात फार स्वस्त झालंय. एकदा सकाळी सातला सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून ये. टेबलावर पाण्याची बाटली आणि चार्जर, खुर्चीवर घरून आणलेली उशी, कारण रात्रीपर्यंत उठायचं नसतं. तुझी स्पर्धा त्या उशीशी आहे. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, वर भाषांचे दोन. पर्यायावर खूण करून भागत नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात. रात्री साडेनऊनंतरच्या दीड तासात ते होत नाही. एखाद्याचं झालंही असेल, पण त्याच्या भरवशावर तू आयुष्य बेतू नकोस.

म्हणून असं कर. आयोगाच्या वेबसाइटवरून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घे आणि लागोपाठ तीन शनिवार एकेक पेपर घड्याळ लावून सोडव. मार्क किती पडतील ते सोड. पेपर संपल्यावर एखादा प्रश्न डोक्यात घोळत राहतो का, त्यावर आणखी वाचावंसं वाटतं का, एवढंच बघ. वाटलं, तर नोकरी सोडून किती वर्षं द्यायची आणि तोवरचा खर्च कुठून येणार, हे आधी कागदावर मांड, मगच पाऊल उचल. नाही वाटलं, तर त्या रविवारी बाबांना सरळ सांग: "बाबा, मी पेपर सोडवून बघितले. माझं मन त्यात नाही. यंदा मी नोकरीत पाय रोवते आणि कर्जाचे हप्ते भरते." बाबा थोडे खट्टू होतील. पण लेकीने करून बघून नकार दिलाय, हे त्यांना कळेल. दर रविवारी तू 'बघते' म्हणतेस, त्यापेक्षा त्यांनाही हे बरं.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सतरांत लडाख आहे, फ्लॅट आहे, पण कर्ज नाही. ते शेवटी 'हप्तेही सुरू होतील' एवढ्यावर निभावलंस. अगं, ते एक नंबरला हवं! दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिना साधारण ४,६५० चा हप्ता बसतो. राहणं, खाणं, बस, रिचार्ज मिळून ११,००० धर, घरचे ५,०००. म्हणजे हातात तीन-साडेतीन हजार. या वेगाने पाच लाख साठायला बारा वर्षं लागतील. ते ध्येय आज खोडलंस तरी काही बिघडत नाही.

हप्ता जूनपासून असला तरी व्याज आजही चढतंय, आणि जूनमध्ये ते मुद्दलात मिळवलं जाईल. म्हणून बँकेत जाऊन विचार की आत्तापासून महिन्याचं व्याज भरता येईल का, आणि तसं भरलं तर व्याजदरात काही सूट आहे का. काही बँका देतात. दहा टक्क्यांनी ते २,३०० च्या आसपास येईल, तुला झेपेल. जाताना कर्जमंजुरीचं पत्र बरोबर ने, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतील. आणि पगारातून पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, जपून ठेव. नोकरी बदलताना ते पैसे काढून लडाखला जायचा मोह फार जणांना होतो.

बाकीची यादी पटकन उरकू. फ्लॅटचा विचार पगार दुप्पट झाल्यावर. पहाटे पाच हे ध्येयच नव्हे. रात्री बाराला झोपून पाचला उठणारी माणसं ऑफिसात पेंगतात. अर्धमॅरेथॉन २१ किलोमीटरची असते, तू आधी रविवारी एआरएआयची टेकडी चढून ये. जर्मन भाषा आवडत असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्गांची चौकशी कर, पण बी-वनपर्यंत काहीशे तास मोजावे लागतात. केवळ रूममेट निघाली म्हणून एवढे तास निघत नाहीत.

भूमितीचा तास यादीत अजिबात घालू नकोस. आवडतंय म्हटल्यावर लोक तुला क्लास काढ, यूट्यूब चॅनल काढ म्हणतील. नको. आठवड्यात एक तास तरी असा असू दे ज्याचा कुणाला हिशेब द्यायचा नाही. दोन वर्षांनीही तो तितकाच आवडत असेल तर मला परत लिही, मग बोलू.

राहिला ऑफिसचा फॉर्म. तो तुला ओझं वाटतोय, मला तर त्यात सोय दिसते. तू हाताने टेस्टिंग करत असशील, तर पहिल्या रकान्यात ऑटोमेशन टेस्टिंग लिही. सेलेनियम हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर शिकून टीमच्या अमुक इतक्या टेस्ट त्यावर आणीन, असं आकड्यासकट, मॅनेजरला डिसेंबरमध्ये मोजता येईल असं. एकदा ते तिथे लिहिलं गेलं की शिकायला ऑफिसच्या वेळेतला तास हक्काने मागता येतो, तुझ्या दीड तासाला धक्का लागत नाही. वर पुढची नोकरी शोधताना बायोडेटात एक ओळ वाढते. फॉर्मची तारीख टळली नसेल तर उद्या डबा खाऊन झाला की बसून भरून टाक.

– मावशी